चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर : वारंवार होणारे बिघाड व त्यांचे निदान

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीस वाफसा आला आहे, बी-खत बांधावर येऊन पडले आहे, आणि अशा वेळी ट्रॅक्टर शेताच्या मध्यभागी बंद पडला, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाने मोजता येत नाही. भारी काळ्या जमिनीतील वाफसा फार दिवस टिकत नाही. तो एकदा निघून गेला, किंवा वरून पुन्हा पाऊस कोसळला, म्हणजे पेरणी लांबते आणि लांबलेल्या पेरणीची भरपाई पुढे कोणत्याही खताने किंवा पाण्याने पुरती होत नाही. भाताच्या मुलखात चिखलणीचे दिवस असेच मोजके असतात. रोप लावणीस आलेले असते, बांधावर माणसे खोळंबलेली असतात, आणि यंत्र मात्र हलत नाही.

एखादा भाग अकस्मात तुटणे ही गोष्ट वेगळी. ती टाळता येईलच असे नाही. परंतु एकच बिघाड एका हंगामात तीनदा-चारदा होतो, दर वेळी नवा भाग बसविला जातो, चार दिवस यंत्र चालते व पुन्हा तीच तक्रार उद्भवते, हा प्रकार मात्र बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. असा बिघाड पुन्हा पुन्हा होतो याचा अर्थ, आपण लक्षणावर इलाज केला व कारण जागच्या जागी राहिले, एवढाच असतो. प्रस्तुत लेखात हे कारण शोधण्याची रीत सांगण्याचा उद्देश आहे.

यंत्राची थोडक्यात ओळख

सामान्य ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची शक्ती केवळ मागील दोन चाकांस पोहोचते. ज्यास सर्वत्र ‘फोर व्हील ड्राइव्ह’ असे म्हणतात, त्या ट्रॅक्टरमध्ये गीअरपेटीतून एक शाफ्ट पुढे जाऊन पुढील आसालाही शक्ती देतो. चालकाने दांडा ओढला की पुढची चाके नुसती फिरत नाहीत, तर ती ओढूही लागतात. यामुळे ओल्या जमिनीत, चढावर व चिखलणीत चाके कमी घसरतात व त्याच इंजिनाकडून अधिक काम होते.

तथापि या सोयीबरोबर काही नवे नाजूक भागही आले आहेत. पुढील आसात आता दंतचक्रे, तेल व ऑइल सील आहेत. त्याची चाके चिखलात व पाण्यात बुडतात आणि त्याच वेळी जोरही घेतात. शिवाय अशा यंत्राकडून काम अधिक घेतले जात असल्याने इंजिनास हवा, डिझेल व थंडावा यांचा पुरवठाही अखंड लागतो. यास्तव जुन्या दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरची निगा जेवढी पुरत होती, तेवढी येथे पुरत नाही.

निदानाचे पाच नियम

पहिला नियम : पाना हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी. बिघाड किती तासांच्या कामानंतर झाला, इंजिन थंड होते की तापलेले, कोणते अवजार जोडले होते, धुराचा रंग कोणता होता, हे तासमापकाच्या आकड्यासह लिहून ठेवावे. ‘मधूनमधून बंद पडतो’ या तक्रारीवरून कोणताही मिस्त्री निदान करू शकत नाही. ‘तीन वेळा, दर वेळी सुमारे चाळीस मिनिटांनी, जोराच्या कामात बंद पडला व दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला’ या वाक्यात अर्धे निदान झालेले असते.

दुसरा नियम : सोप्या व बिनखर्ची तपासणीपासून आरंभ करावा. टाकीचे झाकण, पंख्याचा पट्टा, बॅटरीची टोके व नळ्यांचे जोड आधी पाहावेत. इंजेक्शन पंप व गीअरपेटी यांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो.

तिसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा. फिल्टर, नळी व पंप एकाच दिवशी बदलले आणि यंत्र सुरळीत चालू लागले, तरी दोष कशात होता हे कळत नाही. तो पुन्हा उद्भवल्यास पूर्ववत अंधारच राहतो.

चौथा नियम : काढलेला भाग फेकू नये. झिजलेले ऑइल सील, फाटलेला पट्टा किंवा बुजलेला फिल्टर हा पुरावा होय. सीलची कड एका बाजूनेच झिजली असेल तर शाफ्ट हलतो आहे. कड कडक होऊन तडकली असेल तर ती तापली आहे. तिच्यात सुतळी किंवा गवत अडकले असेल तर कारण उघडच आहे.

पाचवा नियम : ‘हा भाग का गेला?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा भाग बसवून काम संपले असे समजू नये.

उदाहरणादाखल असे समजू या, की एका शेतकऱ्याकडे चार वर्षे वापरलेला असा ट्रॅक्टर आहे. खरिपात तो पेरणी व चिखलणी करतो, रब्बीत नांगरणी व रोटाव्हेटर चालवितो, आणि गळीत हंगामात उसाची ट्रॉली ओढतो. पुढे वर्णन केलेल्या पाचही तक्रारी या एकाच ट्रॅक्टरमध्ये उद्भवू शकतात.

तक्रार पहिली : चालता चालता इंजिन बंद पडते व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते

हा बिघाड फार फसवा आहे. पुष्कळदा इंजेक्शन पंपावर संशय घेऊन तो उतरविला जातो व मोठा खर्च होतो. वस्तुतः डिझेलचा मार्ग क्रमाने तपासल्यास दोष बहुधा पंपाच्या पुष्कळ अलीकडे सापडतो. टाकी, गाळपात्र, फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप व इंजेक्टर असा हा मार्ग आहे.

प्रथम टाकीचे झाकण पाहावे. टाकीतील डिझेल खाली जाते तसतशी तेवढी हवा आत येणे अवश्य असते. त्यासाठी झाकणात, किंवा काही ट्रॅक्टरांत वेगळ्या नळीद्वारे, बारीक वाट ठेवलेली असते. ती धूळ व चिखलाने बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते, डिझेल पुढे सरकत नाही व इंजिन गुदमरून बंद पडते. थोड्या वेळात फटीतून हवा आत शिरते व इंजिन पुन्हा चालू होते. परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन मंदावू लागताच झाकण सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज झाला व इंजिन सावरले, तर दोष सापडला. झाकण स्वच्छ धुऊन वाट मोकळी करावी, म्हणजे खर्च काहीच नाही.

झाकण निर्दोष असल्यास टाकीतून निघणारी नळी सोडून डिझेल एका स्वच्छ भांड्यात काही मिनिटे वाहू द्यावे. धार आरंभी भरदार असून हळूहळू बारीक होत गेली, तर टाकीच्या तळाशी असलेला कचरा, पापुद्रा किंवा चिंधीचा धागा मुखाशी येऊन अडतो आहे असे समजावे. यंत्र थांबले की ओढ थांबते, कचरा बाजूला सरतो व इंजिन पुन्हा सुरू होते. म्हणूनच हा बिघाड मिस्त्री येईपर्यंत नाहीसा झालेला असतो. अशा वेळी टाकी उतरवून धुणे हाच खरा उपाय होय.

तिसरे कारण म्हणजे हवा धरणे. टाकी व फीड पंप यांमधील नळीत इंजिन चालू असताना ओढ असते. त्यामुळे तेथील सैल जोडातून डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. जोड कोरडा दिसतो व शेतकऱ्याची दिशाभूल होते. तांब्याचे वापरलेले वायसर पुन्हा पुन्हा बसविल्यानेही असे घडते. संशय असल्यास तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे वाहताना दिसले तर त्याच्या अलीकडचा प्रत्येक जोड तपासून नवे वायसर घालावे.

हवा काढताना क्रम पाळावा. प्रथम फिल्टरावरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येताच स्क्रू आवळावा. त्यानंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रूशी हेच करावे. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट किंचित सैल करून इंजिन स्टार्टरने फिरवितात. परंतु येथे एक इशारा देणे अत्यंत आवश्यक आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस २०२३ पासून धुराविषयीचे कडक निकष लागू झाले असून, त्यांतील पुष्कळ नव्या इंजिनांत ‘कॉमन रेल’ पद्धत आहे. त्या नळ्यांत दाब अतिशय मोठा असतो. अशा इंजिनाचे नट शेतावर कदापि सैल करू नयेत. ते काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

या साऱ्या परीक्षा निर्दोष ठरल्या, आणि इंजिन केवळ तापल्यावरच बंद पडून पुरते निवल्याशिवाय सुरू होत नाही असे वहीतील नोंदीवरून दिसले, तर मात्र इंजेक्शन पंप आतून झिजल्याचा संशय घेण्यास आधार आहे.

प्रतिबंधक उपाय दोन आहेत. दिवसाचे काम संपताच सायंकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील हवेतले बाष्प रात्री थंड होऊन पाण्याच्या रूपाने डिझेलात उतरते. तसेच सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाळपात्रातील पाणी व गाळ सोडून द्यावा.

तक्रार दुसरी : इंजिन पुन्हा पुन्हा तापते

काटा तांबड्या खुणेकडे गेला की रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे व काम पुढे रेटायचे, ही सवय इंजिनास घातक आहे. पाणी कमी का झाले, हा प्रश्न आधी विचारावा.

तपासणीचा क्रम असा असावा. रेडिएटरपुढील जाळी व त्यामागील बारीक पत्र्या पाहाव्यात. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालविताना, तसेच एका जागी उभे राहून मळणी यंत्र चालविताना, भूस, कुसळे व पाचटाचा चुरा पंखा आत ओढून घेतो. जाळी वरून स्वच्छ दिसली तरी मागे पत्र्यांत गादीसारखा थर बसलेला असतो. तो काढताना हवा किंवा पाण्याची सौम्य धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडावी. पुढून मारल्यास कचरा अधिक खोल रुततो. मळणीच्या वेळी भूस ट्रॅक्टरकडे येणार नाही अशा बेताने वाऱ्याची दिशा पाहून यंत्र उभे करावे.

त्यानंतर पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो किती दबावा हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत हे माप एक ते दीड सेंटिमीटरच्या सुमारास असते. सैल पट्टा घसरतो, पंखा व पाण्याचा पंप मंद फिरतात, आणि बॅटरीही नीट भरत नाही. तेव्हा तापणे व बॅटरी उतरणे या दोन तक्रारी बरोबर आल्या, तर प्रथम पट्ट्याकडे पाहावे.

तिसरी बाब पाण्याची. आपल्याकडील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते. चहाच्या भांड्यास आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत धरतो व उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रेडिएटर बाहेरून कितीही धुतला तरी असे इंजिन तापतच राहते. यास्तव पुस्तिकेत सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे.

चौथी बाब थर्मोस्टॅटची. इंजिन तापते म्हणून तो काढून टाकण्याची चाल पडली आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य उष्णतेस लवकर पोहोचत नाही, डिझेल अधिक जाळते व लवकर झिजते. संशय असल्यास थर्मोस्टॅट भांड्यातील पाण्यात टांगून, तळास टेकू न देता, पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा.

हे सर्व ठीक असूनही पाणी कमी होत असेल, इंजिन चालू असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा इंजिन ऑइल दुधासारखे झाले असेल, तर सिलिंडर-हेडचे गॅस्केट किंवा आतील भाग दुखावलेला असण्याचा संभव आहे. अशा स्थितीत ट्रॅक्टर एक तासही चालवू नये.

तक्रार तिसरी : ताकद कमी होते, काळा धूर येतो, आणि दुरुस्तीनंतरही इंजिन ऑइल पिते

धूर हा इंजिनाचा नाडीठोका आहे. काळा धूर म्हणजे डिझेलाच्या मानाने हवा अपुरी, किंवा यंत्रावर भार अधिक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. सुरू करतानाचा थोडा पांढरा धूर साधारण समजावा, परंतु तापल्यावरही तो राहिल्यास डिझेल अर्धवट जळते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे.

पुष्कळ शेतकऱ्यांची तक्रार असते, की पिस्टनच्या रिंगा व लायनर नवे घातले, तरी एका वर्षात इंजिन पुन्हा निळा धूर टाकू लागले. मालास दोष दिला जातो. परंतु इंजिनास धूळ खाऊ घातली तर उत्तम मालही टिकणार नाही. आपल्या मातीच्या कणांत वाळूचा कठीण अंश असतो. तो ऑइलात मिसळला की कानसेप्रमाणे काम करतो.

यासाठी एक सोपी परीक्षा करावी. एअर क्लीनर व इंजिन यांमधील रबरी नळी सोडून तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर धूळ उमटली, तर गाळण निकामी आहे किंवा नळीस भेग आहे किंवा तिची पट्टी सैल आहे. हा दोष दूर केल्याशिवाय नव्या रिंगा घालणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी भरणे होय.

तेलाच्या एअर क्लीनरमध्ये वाटीतील तेल खुणेइतकेच असावे. गाळ जमताच वाटी धुऊन नवे तेल घालावे. कागदी गाळण असल्यास ते दगडावर आपटू नये. त्यामुळे त्याची कड वाकते व धुळीस वाट मिळते. कमी दाबाची हवा आतून बाहेर सोडावी. नंतर अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत दिवा धरून पाहावे. कोठेही प्रकाशाचा ठिपका दिसला तर ते गाळण टाकून द्यावे. आतील लहान सुरक्षा-गाळण धुऊन पुन्हा वापरू नये.

इंजिनास टर्बोचार्जर असल्यास आणखी एक पथ्य आहे. जोराचे काम संपताच इंजिन एकदम बंद न करता काही मिनिटे मंद चालू ठेवावे. टर्बोचा शाफ्ट अत्यंत वेगाने फिरत असतो व त्यास इंजिन ऑइलाचाच आधार असतो. इंजिन थांबले की ऑइलाचा पुरवठा थांबतो व तापलेल्या बेअरिंगवर काजळी धरते.

तक्रार चौथी : पुढील आसाचे ऑइल सील वारंवार गळते

चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमधील ही नेहमीची तक्रार आहे. सील बदलले, आठ दिवसांत पुन्हा गळले, असा अनुभव येतो. याची कारणे पाच आहेत व ती याच क्रमाने पाहावीत.

पहिले कारण बुजलेली श्वासनळी. आसाच्या पेटीवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक लहान झडप असते. काम करताना आतील तेल व हवा तापून फुगतात. झडप चिखलाने बुजली असल्यास तो दाब सीलवर येतो व तेल बाहेर ढकलले जाते. उलट, तापलेला आस थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकुंचन पावते व सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणजे एकाच बुजलेल्या छिद्रामुळे तेल बाहेर जाते व पाणी आत येते. ही झडप काढून डिझेलात धुवावी, फुंकून पाहावी व मोकळी झाल्याची खात्री करून बसवावी. या लहानशा भागाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

दुसरे कारण चाकाच्या बुडख्याशी गुंडाळलेले गवत, सुतळी किंवा नायलॉनचा दोरा. तो सीलखाली शिरून त्याची कड कापतो. चिखलणीनंतर रोज चाकाची आतील बाजू धुऊन हे काढून टाकावे.

तिसरे कारण बेअरिंगमधील खेळ. पुढील चाक जॅकने उचलून व ठोकळा लावून वर-खाली हलवावे. खडखड जाणवल्यास शाफ्ट मध्यावर फिरत नाही व कोणतेही सील टिकणार नाही. आधी बेअरिंग दुरुस्त करावे.

चौथे कारण शाफ्टवर पडलेली खाच. जुन्या सीलच्या जागी शाफ्टवरून नख फिरवावे. नख अडल्यास तेथे खाच आहे. कारागीर अशा वेळी सील किंचित बाजूला बसवितात किंवा शाफ्टवर बारीक नळकांडे चढवितात.

पाचवे कारण चुकीची बसवणी. सीलची स्प्रिंग असलेली कड तेलाच्या बाजूस असावी, तीस बसविण्यापूर्वी तेल लावावे, आणि सील हातोड्याने एका कडेवर न ठोकता योग्य व्यासाच्या नळीच्या तुकड्याने सरळ दाबून बसवावे.

आसातील तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. ते तेल तत्काळ बदलावे, कारण पाणी मिसळलेल्या तेलात दंतचक्रे व बेअरिंग गंजून लवकर खराब होतात. मात्र तेल ठरलेल्या पातळीहून अधिकही भरू नये.

तक्रार पाचवी : पुढील टायर लवकर झिजतात व पुढील आसाचे सांधे तुटतात

पुढील चाके मागील चाकांहून लहान असतात, म्हणून त्यांस अधिक फेरे घ्यावे लागतात. दोहोंचा मेळ दंतचक्रांनी कायमचा बांधलेला असतो, व तो अशा रीतीने की पुढील चाकांची गती मागील चाकांपेक्षा किंचित अधिक, साधारणतः शेकडा १ ते ५, असावी. मऊ जमिनीत हा थोडा फरक घसरणीत जिरतो. डांबरी रस्त्यावर मात्र तो जिरण्यास जागा नसते. पुढील व मागील चाके एकमेकांशी झगडू लागतात आणि त्या ताणाने टायर घासतात, सांधे तुटतात.

सबब पहिला नियम असा, की रस्त्यावर उसाची ट्रॉली ओढताना पुढील ओढ बंद ठेवावी. फक्त निसरड्या चढ-उतारावर पुस्तिकेच्या सल्ल्याप्रमाणे ती वापरावी. दुसरा नियम असा, की टायर बदलताना कंपनीने ठरविलेल्या जोडीचेच माप घ्यावे. पुढे मनास येईल तो मोठा टायर घातल्यास, किंवा पुढील नवे व मागील गुळगुळीत झालेले टायर एकत्र चालविल्यास, हा मेळ बिघडतो. हवेचा दाब कमी-अधिक असल्यासही तेच होते.

हा मेळ शेतकऱ्यास स्वतः मोजता येतो. चारही टायरांतील हवा बरोबर करून अवजार काढून ठेवावे. पुढील व मागील टायरांवर खडूने खूण करावी. सपाट जमिनीवर सरळ रेषेत, पुढील ओढ बंद ठेवून, मागील चाकाचे १० फेरे होईतो पुढील चाकाचे फेरे मोजावेत. नंतर पुढील ओढ चालू करून मऊ, सपाट जमिनीवर पुन्हा तसेच मोजावे. समजा, ओढ बंद असता १५ फेरे भरले व चालू असता १५.४ भरले. फरक ०.४. त्यास १५ ने भागून १०० ने गुणले असता शेकडा सुमारे २.७ येतात. हे ठीक आहे. चालू असता १६.२ फेरे भरले असते, तर फरक शेकडा ८ झाला असता व टायरांची जोडी चुकीची ठरली असती. दुसरा आकडा पहिल्याहून कमी आला, तर पुढील चाके ओढण्याऐवजी रोधक बनली आहेत असे समजावे.

सुरक्षिततेची पथ्ये

घाईच्या दिवसांत दुरुस्ती करताना अपघात होतात, म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असल्याने उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेड किंवा ब्लॉक तडकण्याचा संभव असतो.

२. उचललेल्या अवजाराखाली केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर जाऊ नये. खाली भक्कम ठोकळे लावावेत.

३. डिझेल किंवा हायड्रॉलिक तेलाची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. मोठ्या दाबाची धार कातडीत घुसते. जखम टिचभर दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे व धार घुसल्याचे डॉक्टरांस सांगावे.

४. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्रास शक्ती देणारा शाफ्ट चालू असता त्यावरून ओलांडू नये, व सैल वस्त्रे घालून जवळ जाऊ नये. मिनिटास ५४० फेरे घेणारा शाफ्ट धोतराचा सोगा किंवा पदर पकडतो, तेव्हा माणसास सावरण्यास अवधी मिळत नाही.

नित्याचा परिपाठ

रोज सकाळी इंजिन ऑइल व पाण्याची पातळी, गाळपात्र, पट्टा व टायर पाहावेत. सायंकाळी जाळी व चाकांची आतील बाजू स्वच्छ करून टाकी भरावी. आठवड्यास बॅटरीची टोके घासून त्यांस पेट्रोलियम जेली लावावी, पाणी घालावयाच्या बॅटरीत केवळ शुद्ध पाणी घालावे, आणि आसाची श्वासनळी व तेलाची पातळी तपासावी. चिखलणीच्या दिवसांत आसाची तपासणी व ग्रीस भरणे रोजचे समजावे. ऑइल व फिल्टर किती तासांनी बदलावेत याचा आकडा पुस्तिकेतून पाहून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

ज्या तरुणांस ही विद्या पद्धतशीर शिकावयाची असेल, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. गावातील एका जरी मुलाने असे शिक्षण घेतले, तरी हंगामात साऱ्या गावास त्याचा आधार होतो.

समारोप

वरील पाचही तक्रारींत एक समान सूत्र वाचकांच्या ध्यानात आले असेल. बंद पडणाऱ्या इंजिनाचे कारण झाकणाच्या छिद्रात होते, तापणाऱ्या इंजिनाचे विहिरीच्या पाण्यात, ऑइल पिणाऱ्या इंजिनाचे सैल पट्टीत, गळणाऱ्या सीलचे बुजलेल्या झडपेत, आणि झिजणाऱ्या टायरांचे रस्त्यावर न सोडलेल्या दांड्यात. जेथे दोष दिसतो तेथेच तो जन्मलेला असतो असे नाही.

शेतकरी आपल्या बैलाच्या डोळ्याकडे व चालीकडे पाहून त्याचे दुखणे ओळखीत आला आहे. बैलाने वैरण टाकली तर तो नुसती वैरण बदलून थांबत नाही. तो जीभ पाहतो, खूर पाहतो, पाणी कोठले पाजले ते आठवतो. तीच सावध नजर यंत्राकडे वळविली, आणि तिला वहीची जोड दिली, तर वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर शेतात उभा न राहता तासास लागलेला असेल. एका वाफशाचे मोल किती, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.